मुलीच्या बापाची रेकॉर्ड

माझ्या माहेरात आणि सासरात एकच गोष्ट सारखी होती. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना विलायती व्हायोलिनचं वेड. आता नांदेड-लातूरकडं असला शौक असणारे किती असतील? मला तर आयुष्यात हे दोघंच भेटले, आणि दोघंही माझ्याच नशिबात आले. एक माझे बाबा, दुसरे माझे सासरे. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. तर या दोन इवायांचं एका व्हायोलिनवरून जे काही चाललं, त्यात माझ्या जिवाला जो ताप झाला, तो सांगते.

बाबा रेल्वेत होते. नोकरीची बरीच वर्षं सिकंदराबादला गेली. तिथं रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं, जुने कोट, जुनी घड्याळं मांडलेली असायची, त्यातच बाबांना रेकॉर्डी मिळाल्या. गाव सोडून परदेशी निघालेल्या कुणातरी साहेबाच्या घरातल्या असणार. बाबांनी हौसेनं घरी आणून लावल्या, आणि माणूस कामातून गेला. नांदेडला बदली झाली तेव्हा आईची भांडी पोत्यात आली आणि रेकॉर्डी गादीत गुंडाळून आल्या. आई हे शेवटपर्यंत बोलून दाखवायची.

त्यातली एक चीज बाबांची जीव की प्राण. एकटा व्हायोलिनवाला पुढं आणि त्याच्या मागं साठ-सत्तर वाजवणाऱ्यांचा ताफा. सुरुवातीला नगारा हळूच ठोकतात, मग सगळा ताफा वाजवत बसतो, आणि व्हायोलिनवाल्याचा पत्ताच नसतो. बराच वेळ जातो आणि मग तो येतो. हीच चीज बाबांकडं तीन जणांनी वाजवलेली होती. एकच जागा ते तिन्ही रेकॉर्डींवर लावायचे आणि मला विचारायचे, ‘‘सांग, काय फरक?’’ मी शाळेतून आलेली, पोटात कावळे ओरडतायत, आणि फरक सांगितल्याशिवाय ताट नाही. ‘‘हा घाई करून राहिला,’’ मी म्हणायचे. ‘‘आणि हा?’’ ‘‘हा रडवून राहिला.’’ ‘‘शाब्बास,’’ म्हणायचे, आणि मग जेवण. तिघांतला एक टकला म्हातारा त्यांचा लाडका. रेकॉर्डीच्या पाकिटावर त्याचा फोटो होता, व्हायोलिन हनुवटीखाली धरून झोपल्यासारखा.

आणि या बाबतीत बाबा कुणाच्या बापाला ऐकणारे नव्हते. रेल्वेतले एक साहेब एकदा घरी चहाला आले आणि सहज म्हणाले की तिसरा वाजवणारा बरा वाटतो. बाबांनी त्यांना चहा गार होईपर्यंत फैलावर घेतलं. साहेबांनी पुन्हा आमच्या घरची पायरी चढली नाही. आई म्हणाली, बढती गेली आता. बाबा म्हणाले, ‘‘गेली तर जाऊ दे. कानाला जे ऐकू येतं ते सांगायचं नाही, तर कान ठेवायचे कशाला?’’ असा माणूस. आणि हाच माणूस पुढं मूग गिळून बसला, ते माझ्यापायी.

माझा दाखवण्याचा कार्यक्रम नांदेडच्या घरात झाला. लातूरहून पाहुणे आले. मुलगा कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, आई नाही, वडील शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तर मास्तर रेकॉर्डींच्या फळीपाशी उभे, हातात त्या टकल्याची रेकॉर्ड, आणि डोळे हे एवढे! मला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. नाव नाही, शिक्षण नाही, स्वयंपाक नाही. ‘‘पाव्हणे, तुम्ही हे ऐकता?’’ एवढंच. बाबांचं तोंड असं फुललं की बस्स. दोघं खाली मांडी घालून बसले, रेकॉर्ड लागली, आणि मी नि माझा होणारा नवरा एकमेकांकडं बघत पोहे गार करत बसलो. लग्न तिथंच ठरलं. मला कुणी विचारलंही नाही, पण खरं सांगायचं तर मला मुलगा पसंत होता.

रेकॉर्ड संपली. मास्तरांनी मान हलवली. ‘‘चांगला आहे, पण हात जड आहे म्हाताऱ्याचा. नवरदेव मांडवात यायला उशीर करतो आणि आल्यावरही रेंगाळतो. माझ्याकडं एक पोरगा आहे, त्याचा ऐका. बिजली आहे बिजली.’’

मी बाबांकडं बघितलं. आता बार उडणार! आईनं तर स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावला. पण बाबा काय म्हणाले? म्हणाले, ‘‘असेल, गुरुजी. तुमचं बरोबर असेल.’’

त्या घडीला बाबा मुलीचे बाप झाले होते.

सासरी गेल्यावर मामंजींचा तो ‘पोरगा’ ऐकला. ती रेकॉर्ड नव्हती, कॅसेट होती. पुण्याच्या कुणा ओळखीच्या माणसाची रेकॉर्ड आणून मामंजींनी ती लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळच्या एका दुकानात कॅसेटवर भरून घेतली होती. दुकानदारानं अख्खी चीज एका बाजूत बसवून दिली, याचं मामंजींना भारी कौतुक. दिवाळसणाला मी नांदेडला निघाले तेव्हा त्यांनी ती रुमालात बांधून माझ्या हातात दिली. ‘‘तुझ्या बाबांना ऐकव. आणि काय म्हणतात ते येऊन सांग.’’

बाबांनी ती टेपवर लावली. नगारा वाजला, आणि बाबांनी बटण दाबून बंदच केली. ‘‘चढी आहे,’’ म्हणाले.

‘‘म्हणजे?’’

‘‘सगळं वर चढलंय आणि पळतंय. हे दुकानवाले मशीन हळू चालवून भरतात, म्हणजे एका कॅसेटीत जास्त मावतं. मग घरच्या टेपवर लावलं की माणसं धावत सुटतात. सिनेमाच्या गाण्यात कुणाला कळत नाही. यात वाजवणारा कसा आहे ते मी सांगू कसा? हा त्याचा वेगच नाही, हा दुकानदाराचा वेग आहे.’’

मला हसूच फुटलं. बिजली म्हणे! ‘‘मग मी मामंजींना सांगते.’’

‘‘येडी का खुळी तू?’’ बाबा एकदम उसळले. ‘‘खबरदार. मला लई आवडली म्हणून सांग.’’

आणि मी तसं सांगितलं. काय करणार? मामंजी दिवसभर शीळ घालत फिरले. पुढं दर खेपेला हेच. दोन्हीकडून कॅसेटी माझ्या पिशवीत, लाडवाच्या डब्याशेजारी. मामंजींचे निरोप लांबलचक, अगदी गणिताचा पेपर तपासल्यासारखे: दुसऱ्या भागात तुमचा म्हातारा झोपतो, तिसऱ्यात दमतो. बाबांचे निरोप एका ओळीचे, गुरुजींचं बरोबर आहे म्हणून. लोकांच्या पोरी सासरहून आल्या की आईच्या गळ्यात पडून रडतात. मी आले की बाबांशी भांडायचे. तुम्ही तर साहेबाला सोडलं नाही आणि यांच्यापुढं नांगी टाकता? बाबा नुसते हसायचे आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढायचे. मला त्या हसण्याचा लई राग यायचा. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मामंजींच्या तोंडावर आपलं खरं मत सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. दुसरं माहेराकडून मी काही मागितलं नाही.

मग भूकंप झाला. आमच्या लातुरातल्या घराची एक भिंत फाटली आणि मागची खोली बसली. आम्ही वाचलो. किल्लारीकडं जे झालं ते मी काय सांगू? हे कॉलेजच्या पोरांना घेऊन तिकडं मदतीला गेले ते दिवसेंदिवस आले नाहीत. आले ते अंगणात बसून हात धूत राहिले. सगळी गल्ली बाहेर मैदानात झोपायची, जमीन मधूनमधून अजून हलायची. शेवटी यांनीच सांगितलं, मामंजींना घेऊन तू नांदेडला जा.

आता इवायाच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे मुलाच्या बापाला मरणाची लाज. मामंजी एसटीत सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत होते. नांदेडच्या घरात शिरले ते दारातच चप्पल काढून कोपऱ्यात उभे राहिले, एखादा उधारीवाला उभा राहतो तसे. ज्यांच्यासाठी आई एरवी चांदीचं तांब्या-भांडं काढायची, ते माझे रुबाबदार मामंजी! अंगावर मळका सदरा, आणि खिशात काय, तर ती कॅसेट. घरातून निघताना माणसानं तेवढंच उचललं होतं. बाबांनी ते बघितलं आणि त्यांचा हात धरून आत आणलं. ‘‘गुरुजी, घर तुमचंच आहे,’’ म्हणाले, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मामंजी महिनाभर तिथं राहिले. फळीवर आईनं एकावर एक भांडी रचून ठेवलेली, हललं तर वाजावीत म्हणून. मामंजी दिवसभर त्या भांड्यांकडं बघत बसायचे. जेवण जात नव्हतं. मग बाबांनी टकल्याची रेकॉर्ड लावली. मामंजी जरा सावरून बसले, ऐकलं, आणि तोंड वाकडं केलं. ‘‘पाव्हणे, तुमचा प्लेअर मंद झालाय. माझी कॅसेट लावून बघा, सूरसुद्धा जुळत नाही. तुमचं मशीन खाली उतरलंय.’’

म्हणजे बघा! चोर तो चोर वर शिरजोर. मी उठलेच होते, पण बाबांनी माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा खाली बसले. ‘‘हाव गुरुजी,’’ म्हणाले, ‘‘जुनं झालंय. करतो काहीतरी.’’

मला वाटलं, वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी अंघोळीला गेले तेव्हा बघते तर बाबा प्लेअर उलटा-सुलटा करून बसलेले. मोटरच्या ज्या दांडीवर पट्टा फिरतो, त्या दांडीला ते जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळत होते. एक वेढा दिला, रेकॉर्ड लावून बघितली, डोकं हलवलं, आणखी अर्धा वेढा दिला. दांडी जाड झाली की तबकडी जोरात फिरते. त्यांचा लाडका टकला म्हातारा आता पळायला लागला. आवाज बारीक, किरकिरा. मामंजींच्या कॅसेटीला अगदी जुळला.

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. ज्या माणसानं साहेबाच्या तोंडावर सांगितलं, तो स्वतःच्या हातानं स्वतःचं मशीन बिघडवत होता. ‘‘लाज नाही वाटत तुम्हाला?’’ मी म्हणाले. असं बापाला मी कधी बोलले नव्हते.

‘‘हळू बोल,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्यांचं घर गेलंय. एवढं तरी त्यांचं बरोबर असू दे.’’

अंघोळ करून मामंजी आले. बाबांनी रेकॉर्ड लावली. ‘‘आता कसं!’’ मामंजी म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. आईनं दोनदा वरण वाढलं. बाबा मात्र रेकॉर्ड संपेपर्यंत अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालत बसले. त्यांना ते ऐकवत नव्हतं.

लातूरला परतलो, घर नीट केलं, आणि बघता बघता गावाचा नूरच पालटला. जिकडं तिकडं क्लासच्या पाट्या. कुठून कुठून पोरं यायला लागली, देगलूर काय, देवणी काय, पार परभणीपासून. यांनी क्लास काढला आणि तो असा चालला की पुढच्या खोलीत जागा पुरेना. पडलेली मागची खोली नव्यानं बांधून तिथं राहायला पोरं ठेवली. सगळ्या घरात चपला आणि सूत्रं. मामंजींच्या टेपवर गदा आली, कारण हे सारखे म्हणायचे, ‘‘बाबा, हळू लावा, पोरं अभ्यास करून राहिलेत.’’ मग ते टेप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचे. मी भाजी निवडायचे, ते डब्यावर बसून ऐकायचे. मला ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. कुकरची शिट्टी झाली की ते कॅसेट मागं घ्यायचे आणि ती जागा पुन्हा ऐकायचे. आम्हा दोघांचं तिथं खरं सूत जमलं. मला राग यायचा तो बाबांचा, मामंजींचा नाही. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक?

हे एकदा क्लासची पुस्तकं छापायला हैदराबादला गेले. येताना वडिलांसाठी सीडीचं नवं मशीन आणलं, आणि मोठ्या खटपटीनं शोधून त्याच ‘पोरग्या’ची सीडी. मामंजींनी देवाला लावतात तसा हात लावला तिला. सीडी सुरू झाली. नगारा वाजला, ताफा वाजला, ‘पोरगा’ आला. आणि मामंजींचं तोंड उतरलं.

‘‘हा तो नाही,’’ म्हणाले. ‘‘फसवलं तुला.’’

‘‘बाबा, नाव बघा की.’’

‘‘मग सीडी मंद आहे.’’

‘‘सीडी मंद नसते, बाबा,’’ हे म्हणाले. यांना कुठं काय बोलावं ते कधी कळलं नाही. क्लासमधलं स्वर मोजायचं लोखंडी स्वरित्र घेऊन आले, फळ्यावर आकडे मांडले, आणि बापाला विद्यार्थ्यासारखं समजावून सांगितलं की सीडी बरोबर आहे आणि कॅसेट चढी आहे. मास्तरच ते. गणित कळायला वेळ लागला नाही. फळ्यावरचे आकडे एकदा स्वतः पडताळले. मग माझ्याकडं वळले.

‘‘तुझ्या बाबांना माहीत होतं?’’

माझी जीभ कधी माझ्या ताब्यात होती? ‘‘पहिल्या दिवसापासून,’’ मी म्हणाले.

पुढच्याच रविवारी मामंजी, मी आणि पिशवीत सीडीचं मशीन, असे आम्ही नांदेडला गेलो. मी आतून उड्या मारत होते. मला वाटलं, आला एकदाचा दिवस.

मामंजींनी चहासुद्धा घेतला नाही. ‘‘पाव्हणे, आज मी मुलाचा बाप म्हणून आलेलो नाही. माझी कॅसेट चुकीची होती, तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही मला वेड्यात काढलं नाही, हे तुमचे उपकार. आता हा घ्या खरा वेग. ऐका आणि खरं सांगा. तुमचा म्हातारा की माझा पोरगा?’’

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. दुसरा भाग आला, तो संथ, जिथं ताफा जवळजवळ गप्प होतो आणि व्हायोलिन एकटंच बारीक आवाजात बोलतं. बाबांचे ओठ थरथरले. सीडी संपली. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमचाच.’’

‘‘पाव्हणे!’’

‘‘खरंच सांगतो. तुमचाच चांगला आहे.’’

‘‘बस्स करा!’’ मामंजी उठूनच उभे राहिले. ‘‘मी जन्मभर पोरांना शिकवलं. समोरचा मन राखायला बोलतोय ते मला कळत नाही का? आज इतकं सांगूनसुद्धा? मला काय तेवढीही लायकी नाही का, की तुम्ही माझ्याशी खरं भांडावं?’’ त्यांचा आवाज फाटला. आई जेवून जा म्हणत मागं धावली, पण ते थांबले नाहीत. रिक्षा करून सरळ बसस्टँड. मशीन आणि सीडी तशीच राहिली.

मला इतका संताप आला होता की मी बाबांकडं बघितलंही नाही. आता तरी! आता तर त्यांनी हात जोडून विचारलं होतं!

बाबांनी मला जवळ बोलावलं. सीडी पुन्हा लावली, त्या संथ भागावर नेली. ‘‘इथं ऐक,’’ म्हणाले. ‘‘हा एक सूर बघ किती धरून ठेवलाय. आपला म्हातारा इथं निसटतो. मी इतकी वर्षं त्याला डोक्यावर घेतलं, पण इथं तो निसटतो गं. हे पोरगं नाही निसटत. इतकं चांगलं मी कधी ऐकलंच नव्हतं.’’ त्यांचे डोळे भरले होते. ‘‘त्यांना पटलं नाही. तुला तरी पटतंय ना?’’

मला काही फरक ऐकू आला नव्हता. डोक्यात नुसता राग होता, आणि माझ्या मते त्या टकल्याला तोड नव्हती, कारण तो माझ्या बापाचा होता. पण बाबांचा चेहरा बघून मी म्हणाले, ‘‘हो बाबा. तुमचं बरोबर आहे.’’

बाबांनी हात लांब करून मशीन बंद केलं.

‘‘अगदी असंच म्हणायचो मी त्यांना,’’ ते म्हणाले.